नाही आणि नको

त्या मुलीचे वय दहा-अकरा वर्षांचे असावे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीत, उंबऱ्यापासून जेमतेम हातभर आत, तिची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती आणि मुलगी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसून वळलेल्या विडीचे टोक नखाने आत दुमडत होती. भिजवलेल्या पानांचा ओलसर वास आणि घशात बसणारी तंबाखूची भुकटी यांनी खोली भरून गेली होती. शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट भिंतीतून फरशीत आणि फरशीतून बसलेल्या माणसाच्या अंगात उतरत होता. माझ्या हातात बरीच पाने असलेली प्रश्नावली होती, दुपारचे चार वाजून गेले होते आणि दिवस मावळण्याआधी मला आणखी तीन घरे पूर्ण करायची होती. आमच्या गटातली तेलुगू जाणणारी सहकारी त्या दिवशी तापाने घरी होती. त्या बाईंना मराठी येत होते, पण विड्या कारखान्यात देताना आणि दारावर भाजी घेताना लागते तेवढेच. माझे प्रश्न त्या मराठीच्या पलीकडचे होते. मुलगी मराठी शाळेत जात होती. म्हणून मी तिला म्हणाले, "आईला विचारून सांगशील का?"

प्रश्न असा होता: नवऱ्याने कधी तुमचा हात पिरगाळला आहे का, किंवा केस ओढले आहेत का? मुलीने हातातली विडी सुपात ठेवली आणि आईकडे न बघता ते वाक्य तेलुगूत म्हटले. आईचे हात थांबले. मी तासाभरापासून त्यांच्यासमोर बसले होते आणि त्या तासाभरात ते हात एकदाही थांबलेले मी पाहिले नव्हते. मग त्या बोलू लागल्या. चार-पाच वाक्ये असतील, अगदी खालच्या आवाजात, आणि बोलताना त्या मुलीकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मला काही कळले नाही. 'मुंगट' असा एक शब्द तेवढा कानात राहिला, कारण तो मला 'मुकुट'सारखा ऐकू आला आणि या उत्तरात मुकुट कशाला आला असेल, असे क्षणभर वाटून गेले. मग मुलगी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "नाही म्हणते."

मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली.

या गोष्टीला बारा वर्षे झाली. त्यानंतर मी अशा कितीतरी घरांत बसले, कितीतरी चौकोनांत खुणा केल्या, पण एवढ्या लांब बोलण्याचे एवढे लहान भाषांतर पुन्हा कधी ऐकले नाही, आणि ते ऐकूनही मी पुढच्या प्रश्नाकडे वळले ही गोष्ट मनातून गेलेली नाही. मला नियम ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोय नाही. स्त्रियांवरील घरगुती हिंसेचा अभ्यास करताना काय पाळावे याचे दंडक जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली प्रसिद्ध केले, आणि ते आम्हाला प्रशिक्षणात एकेक करून समजावून सांगितले होते. उत्तर देणाऱ्या बाईची आणि विचारणाऱ्याची सुरक्षितता सगळ्यांत आधी, माहिती त्यानंतर. एका घरातून एकाच स्त्रीशी बोलायचे. वस्तीत आपली ओळख हिंसेची पाहणी करणारे म्हणून द्यायची नाही. आम्ही 'बायकांचे आरोग्य आणि काम' असे सांगत असू. मध्येच कोणी आत आले तर पान उलटून पाळी, बाळंतपण, मजुरी अशा प्रश्नांकडे वळता यावे म्हणून तशी पाने जवळ ठेवायची. आणि दोन वर्षांहून मोठे मूल खोलीत असता कामा नये. मी तर त्या मुलाला दुभाषी केले होते.

एकांत हा शब्द प्रशिक्षणाच्या वर्गात सोपा वाटतो. पूर्व भागातल्या गल्ल्यांमध्ये तो कुठून आणायचा, हे आम्हाला रोज नव्याने शोधावे लागे. एका खोलीत सहा-सात माणसे, दाराला पडदा, पडद्याबाहेर सासू धान्य निवडत बसलेली, आणि तिच्या पलीकडे शेजारीण, तीही सूप घेऊन. विडीचे काम दारात बसूनच होते, कारण उजेड दारात असतो. बाई आत गेली तर मजुरी बुडते आणि बाहेर बसली तर गल्ली ऐकते. मला सुरुवातीला मागांच्या आवाजाचा त्रास होत असे. विचारलेले पुन्हा विचारावे लागे. काही दिवसांनी ध्यानात आले की बायका नेमक्या त्याच आवाजात बोलतात. माग चालू असताना एखादी कानाशी येऊन दोन वाक्ये बोलून जाई, आणि वीज गेली, सगळे माग एकदम गप्प झाले की तीही गप्प होई. एका वयस्क बाईंनी मला सांगितले की त्यांच्या तरुणपणी भारनियमनाच्या रात्री त्यांना फार भीती वाटे. मला वाटले, अंधाराची. त्या म्हणाल्या, "अंधाराचं काय नाही. सगळ्यांना ऐकू जायचं."

प्रश्न कसा विचारायचा यावरही पुष्कळ विचार झालेला आहे. अमेरिकेत मरे स्ट्राउस यांनी १९७९ साली कुटुंबातल्या हिंसेच्या मोजणीसाठी जी श्रेणी मांडली, तिचे सुधारलेले रूप आजही जगभर वापरले जाते आणि आपल्याकडची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीही त्याच वाटेने जाते. 'मारहाण होते का', 'छळ होतो का' असे विचारायचे नाही. ढकलले का, अंगावर काही फेकले का, थोबाडीत मारली का, हात पिरगाळला का, मुठीने मारले का, लाथ मारली का, गळा दाबला का, भाजले का, असे एकेक कृत्य विचारायचे. याचे कारण मी स्वतः अनुभवले आहे. 'मारहाण' हा शब्द काढला की समोरची बाई एका शेजारणीचे किंवा मोठ्या जावेचे नाव घेते. मारहाण म्हणजे डोके फुटणे, दवाखाना, पोलीस. थोबाडीत बसणे त्यात धरलेले नसते. तेलुगूत मारण्याला 'कोट्टडम' म्हणतात, पण बायका तो शब्द कमी वापरतात. 'चेय्यि चेसुकोवडम' म्हणतात, आपल्या 'हात उचलणे' या वाक्प्रचारासारखे. उत्तर कर्नाटकातून आलेल्या बायका 'बडीतान' म्हणतात आणि मुस्लिम मोहल्ल्यात 'हाथ उठाते' म्हणतात. या प्रत्येक शब्दाचे वजन निराळे आहे, आणि आम्ही ती सगळी वजने एकाच मराठी वाक्याच्या तागडीत टाकत होतो.

हात पिरगाळण्याच्या प्रश्नाचे तर मला त्या काळात नीट आकलनच झालेले नव्हते. यादीत तो केस ओढण्याच्या जोडीला येतो, तुलनेने सौम्य कृत्य म्हणून. पण विडी वळणाऱ्या बाईचे सगळे पोट तिच्या मनगटावर आणि दोन बोटांवर असते. मापाचा पत्रा पानावर ठेवून कात्री फिरवायची, चिमटीत तंबाखू मोजून घ्यायचा, अंगठ्याने पान गुंडाळायचे, दोरा बांधायचा; मनगट दुखावलेले असेल तर विडी सैल पडते, सैल विडी कारखान्यात निवडून बाजूला काढतात, तिला छाट म्हणतात, आणि छाटीचे पैसे मिळत नाहीत. एका बाईंनी मला त्या आठवड्याचा हिशेब सांगताना सहज म्हटले, "या वेळी छाट लई निघाली, हात धरला होता." मी मजुरीच्या रकान्यात आकडा लिहिला. तो मजुरीचा आकडा आणि चार पाने पुढचा हात पिरगाळण्याचा प्रश्न हे एकच उत्तर होते, हे रात्री घरी आल्यावर भाकरी मोडताना माझ्या ध्यानात आले, आणि माझा घास हातातच राहिला.

माझ्या आत्याचे घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे होते. मी लहान असताना ती अधूनमधून अचानक येई, हातात रिकामी कळशी आणि काखेत कपड्यांची पिशवी. "आमच्याकडं पाणी आलं नाही बघ," एवढेच दारातून म्हणे. आजी म्हणे, "भर की मग." सोलापुरात पाण्याची पाळी म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको, पाणी चार दिवसांनी आले तर त्या दिवशी घरातली सगळी कामे त्याच्याभोवती फिरतात, आणि पाणी न आल्याने बहिणीच्या किंवा आईच्या घरी जाणे यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. आत्या कळशी भरे आणि मग ती भरलेली कळशी दोन दिवस, कधी पुढच्या पाळीपर्यंत, आमच्याच मोरीत राही. आम्ही मुले तिच्याभोवती नाचत असू, कारण ती शेंगांची पोळी करायची. मग एका संध्याकाळी आजोबा चपला घालत आणि तिला पोचवून येत. मी कॉलेजात गेल्यावर कधीतरी माझ्या मनात आले की त्या दोन गल्ल्यांना एकच चावीवाला पाणी सोडत असे. आमच्याकडे आलेले पाणी तिच्याकडे आले नाही असे होणे शक्य नव्हते. आजीला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. एकदा आत्याच्या डाव्या मनगटाला हळदीच्या तेलाचे फडके गुंडाळलेले होते, आणि आजीने काहीएक न विचारता कळशी तिच्या हातून काढून घेतली होती, तेवढे मला डोळ्यांसमोर दिसते.

आमच्या घरी कधी कोणी प्रश्नावली घेऊन आले नाही.

ही गोष्ट मी इथे लिहिते आहे त्याला कारण आहे. आम्ही ज्या पाहणीसाठी हिंडत होतो ती 'अल्पसंख्य समुदायांतील' हिंसेची होती: भाषेने अल्पसंख्य असलेले तेलुगू आणि कन्नड बोलणारे, धर्माने अल्पसंख्य असलेले मुस्लिम. मराठी बोलणाऱ्या, पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माझ्या आत्याचे घर त्या नमुन्यात बसणारच नव्हते. पाहणीचा हेतू चांगला होता आणि आजही मला तो चांगलाच वाटतो. ज्या बायकांपर्यंत समुपदेशन, कौटुंबिक हिंसेच्या कायद्याने नेमलेला संरक्षण अधिकारी, निवारा यांपैकी काहीच पोचत नाही, त्यांच्यापर्यंत ते का पोचत नाही हे शोधायचे होते. पण मी ज्या गल्लीत बसून विचारत होते तिथल्या माणसांना दिसत होते ते एवढेच, की बाहेरच्या पेठेतली एक मुलगी आली आहे आणि 'तुमच्यात' काय होते ते लिहून नेते आहे. त्यांचे हे पाहणे चुकीचे होते असे मी म्हणू शकत नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका मुस्लिम वस्तीत, शिवणयंत्रावर बसून झबली शिवणाऱ्या एका बाईंनी मला हे सरळ सांगितले. त्यांची मुलाखत नीट एकांतात झाली होती. घरात कोणी नव्हते, दार लोटलेले होते. त्यांनी बरेच काही सांगितले, मधून मधून यंत्राचे चाक हाताने फिरवत, जणू ते बोलणे दुसऱ्याच कोणाचे आहे. शेवटी मी नेहमीप्रमाणे सांगितले की तुमचे नाव कुठेही येणार नाही. त्यांनी दात लावून दोरा तोडला आणि म्हणाल्या, "मेरा नाम लिखे तो चलता, बाई. मोहल्ले का नक्को लिखो." मी का म्हणून विचारले. "कल पेपर में आया तो बोलेंगे, देखो, ये लोगां ऐसेच हैं." ज्या बाईच्या पाठीवरचे वळ तिच्या सख्ख्या भावाला ठाऊक नव्हते, ती स्वतःचे नाव द्यायला तयार होती आणि मोहल्ल्याचे द्यायला तयार नव्हती. ती आपल्या नवऱ्याला वाचवत होती असे त्या वेळी मला वाटले. आता वाटते की ती आपल्या मुलांना वाचवत होती, ज्यांना त्याच मोहल्ल्याचा पत्ता देऊन पुढे नोकरी आणि भाड्याची खोली मागायची होती.

पुढे वाचन वाढले तेव्हा कळले की हा पेच फार जुना आणि फार दूरचाही आहे. किंबर्ली क्रेनशॉ या अमेरिकन कायदेपंडित बाईंनी १९९१ सालच्या आपल्या एका निबंधात लिहिले आहे की लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडे त्यांनी घरगुती हिंसेचे विभागवार आकडे मागितले, तेव्हा ते मिळाले नाहीत. अडवणाऱ्यांत या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्तेही होते. अल्पसंख्य वस्त्यांमधले आकडे बाहेर पडले तर 'हा त्यांचाच प्रश्न आहे' असे म्हणून पोलीस अंग काढून घेतील, ही त्यांची धास्ती होती. आणि कृष्णवर्णीय समाजाविषयीच्या जुन्या पूर्वग्रहांना त्या आकड्यांनी बळ मिळेल, ही समाजातल्या लोकांची. दोन्ही धास्ती खऱ्या, आणि मधल्या मध्ये त्या बायकांचा आकडा कपाटात. त्याच निबंधात आणखी एक हकीकत आहे, ती वाचून मी पुस्तक बंद करून गच्चीवर जाऊन उभी राहिले होते. लॅटिन अमेरिकी वंशाची एक बाई नवऱ्याच्या जीवघेण्या धमक्यांमुळे घर सोडून किशोरवयीन मुलासह निवारा शोधत होती. एका निवारागृहाने तिला इंग्रजी पुरेसे येत नाही म्हणून घेतले नाही. मुलगा म्हणाला, मी भाषांतर करतो. त्यावर उत्तर मिळाले की मुलाच्या तोंडून बोलावे लागणे हा आईवर पुन्हा अत्याचार होईल. तत्त्व बरोबर होते. पण ते तत्त्व सांभाळणाऱ्यांनी तिच्या भाषेचे माणूस ठेवले नव्हते, आणि ती मुलाला घेऊन रस्त्यावर राहिली. मी त्याच तत्त्वाच्या विरुद्ध वागले होते, आणि माझ्याही जवळ तिच्या भाषेचे माणूस नव्हते.

आमच्या अहवालाच्या वेळी असाच वाद झाला. समुदायवार तक्ता छापायचा की नाही? मी 'नको'च्या बाजूने होते, शिवणयंत्रावरच्या त्या बाईंचे शब्द माझ्या कानात होते, आणि संख्या लहान असल्याने तसा तक्ता शास्त्रालाही धरून झाला नसता. तक्ता छापला गेला नाही. मला त्याचे समाधान वाटले. मग वर्षभराने आम्ही एका कार्यालयात तेलुगू आणि उर्दू जाणणाऱ्या समुपदेशक नेमाव्यात अशी मागणी घेऊन गेलो, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "या भाषांच्या किती बायका आहेत, आकडा आहे का?" आकडा नव्हता. तो आम्हीच दिला नव्हता. आकड्यांच्या नसण्याचीही किंमत त्याच बायका देतात, हे मला त्या टेबलासमोर उभी असताना उमगले, आणि तरीही तो तक्ता छापायला हवा होता असे आजही माझ्याने ठामपणे म्हणवत नाही. राष्ट्रीय पाहणीतूनही हा प्रश्न सुटत नाही, कारण तिच्यात हिंसेचे प्रश्न निवडक घरांतच विचारले जातात आणि त्या आकड्यांवरून जिल्ह्याचे चित्र काढता येत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, विवाह झालेल्या स्त्रियांपैकी महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के, तर देशात २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. सोलापूर त्यात कुठेतरी विरघळलेले आहे.

'त्यांच्यात असतेच हो ते,' हे वाक्य मी इतक्या सुशिक्षित घरांत ऐकले आहे की मोजणे सोडून दिले. कोणी शिंदीकडे बोट दाखवतो, कोणी धर्माकडे, कोणी कायद्याकडे. कायद्याचेच बघायचे तर मुस्लिम स्त्रीला नवऱ्याच्या नेहमीच्या मारहाणीवरून आणि क्रूर वागणुकीवरून न्यायालयाकडे विवाहविच्छेद मागण्याचा हक्क १९३९ च्या कायद्याने मिळाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेवरून फक्त न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न न मोडता वेगळे राहण्याची मुभा, मागता येत असे; ते घटस्फोटाचे कारण झाले १९७६ च्या दुरुस्तीने. आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, तो बाईचा धर्म विचारतच नाही. तरीही मोहल्ल्यातली बाई आणि पूर्व भागातली बाई त्या कायद्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा ती कशापाशी अडते ते बघायला हवे. तक्रार तेलुगूत सांगायची, गल्लीतल्याच कोणीतरी तिचे मराठी करायचे, आणि हा गल्लीतला कोणीतरी बहुधा नवऱ्याच्या नात्यातला असायचा. मग ते मराठी हवालदाराने आपल्या मराठीत लिहायचे आणि बाईने न वाचता त्यावर सही करायची. मोहल्ल्यात पोलीस आले तर ते एका घरापुरते आले असे कोणी मानत नाही. कर्फ्यू पाहिलेल्या वस्तीत खाकी कपडे दारात बोलावणारी बाई सगळ्यांची देणेकरी होते.

त्याच राष्ट्रीय पाहणीत एक आकडा आहे ज्याची चर्चा कमी होते. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदतही मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. प्रश्नावली घेऊन आलेली अनोळखी मुलगी हीच त्यांची पहिली ऐकणारी. ती ऐकणारी कशी बसली होती, तिचे लक्ष घड्याळाकडे होते का, खोलीत आणखी कोण होते, हे आकड्यात दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी तेलुगू शिकायला लागले. इतकी वर्षे या शहरात राहून, अर्ध्या शहराची भाषा न येता मी त्यांच्या घरांत जात होते याची लाज वाटून. निवृत्त झालेल्या एक शिक्षिका संध्याकाळी आपल्या घरी शिकवतात; आम्ही चौघी-पाचजणी त्यांना अक्का म्हणतो. त्या पुस्तकातली भाषा शिकवत नाहीत, सोलापूरच्या पद्मशाली विणकरांच्या घरांत बोलतात ती, शे-दीडशे वर्षांपूर्वी तेलंगणातून मागांबरोबर आलेली आणि इथे मराठीच्या शेजारात राहून थोडी बदललेली भाषा शिकवतात. एका संध्याकाळी त्या जागा दाखवणारे शब्द घेत होत्या. मागे, वर, खाली. मग फळ्यावर लिहून म्हणाल्या, "इंटि मुंगट. घरासमोर."

मुंगट म्हणजे समोर.

मी अक्कांना विचारले, "पोरीसमोर असे म्हणायचे तर?" त्या म्हणाल्या, "पिल्ल मुंगट." आणि मला तो आवाज ओळखू आला, म्हणजे तसे वाटले. बारा वर्षांपूर्वी ऐकलेल्या परक्या भाषेतल्या चार-पाच वाक्यांतला एक शब्द धरून त्या बाई काय म्हणाल्या असतील हे मी ठरवू नये, हे मला कळते. कदाचित त्या घरासमोरच्या कशाविषयी बोलत असतील. पण त्यांनी माझ्याकडे बघितले होते, मुलीकडे बघायचे टाळले होते, आणि त्यांचे हात थांबले होते. नको म्हणायला तेलुगूत 'वद्दु' आहे आणि नाही म्हणायला 'लेदु'. मराठीतही हे दोन शब्द वेगळे आहेत, दोन वर्षांच्या मुलालाही ते वेगळे कळतात. आमच्या प्रश्नावलीत होय होते, नाही होते, आणि उत्तर दिले नाही यासाठी एक सांकेतिक आकडा होता. त्या मुलीने आईचे सगळे बोलणे ऐकले, माझ्या हातातल्या कागदावर कोणते शब्द बसतील याचा अंदाज घेतला, आणि त्यातला सुरक्षित शब्द मला दिला. तिला ते कोणी शिकवले नव्हते. ती आज बावीस-तेवीस वर्षांची असेल. बहुधा तिचेही लग्न झाले असेल.

आता मी नव्या मुलींना पाहणीसाठी तयार करते तेव्हा पहिल्या दिवशी प्रश्नावली उघडत नाही. कोणी लांब बोलले आणि भाषांतर लहान आले तर थांबायचे, एवढे सांगते. भाषा येत नसेल तर त्या घरात तो भाग विचारायचाच नाही, नमुना एकाने कमी झाला तरी चालेल. मदतीच्या क्रमांकांची चिठ्ठी बोटभर असावी आणि तिच्यात १८१ या महिला हेल्पलाइनच्या आगेमागे दवाखान्याचे, लसीकरणाचे, रेशन कार्यालयाचे क्रमांक असावेत, म्हणजे ती कोणाच्या हाती लागली तरी बाईला उत्तर द्यावे लागणार नाही. मुली लिहून घेतात. त्यांच्यातल्या दोघी तेलुगू बोलणाऱ्या घरांतल्या आहेत, एक मोहल्ल्यातली आहे, आणि आपल्याच माणसांना हे विचारायचे आपल्याला जास्त जड जाते असे त्या मोकळेपणी सांगतात. ओळखीची मुलगी आली तर बायका चहा करतात, पण बोलत नाहीत. परकी आली तर बोलतात, पण ती कळेल अशा भाषेत नाही. यावर माझ्याजवळ तोडगा नाही.

मागच्या महिन्यात मी कुंभारीला गेले होते, विडी कामगार बायकांच्या घरकुलांत. ओळीने सारखी घरे, प्रत्येक दारासमोर निळे पिंप, आणि दुपारच्या उन्हात पत्र्यावर वाळत घातलेली चादर. एका घरी बाई एकट्याच होत्या. मी मोडक्या तेलुगूत सुरुवात केली, त्या हसल्या आणि मराठीत बोलू लागल्या. आरोग्याचे, कामाचे प्रश्न झाले. पुढचे पान उलटले आणि पहिलाच प्रश्न अर्ध्यावर असताना त्या म्हणाल्या, "ते नको." आवाज साधा होता, राग नव्हता. मी प्रश्नावली मिटून पिशवीत ठेवली आणि बसून राहिले. त्यांनी वळायला घेतले. मीही सुपातल्या वळलेल्या विड्या पंचवीस-पंचवीस मोजून बाजूला लावू लागले. त्यांनी अडवले नाही. बराच वेळ गेला. बाहेर कोणीतरी पिंपावर झाकण आपटले.

मग मान वर न करता त्यांनी विचारले, "तुमच्याकडं पाणी येतंय का, मॅडम?"

"येतं," मी म्हणाले, आणि त्यांना पेठ सांगितली, गल्ली सांगितली, दारापुढे कडुलिंब आहे तेही सांगितले.

"उद्या पाळी आहे का?"

मी म्हणाले, "पाळी नसली तरी या. टाकी भरलेली असते."

त्यांनी पान पत्र्याखाली धरले आणि कात्री फिरवली.